हातभर खोलीवरची हवा

कासवाची अंडी पुरताना सगळ्यात अवघड काम शेवटचं असतं, वाळू परत लोटायचं. खड्डा खणणं सवयीने जमतं: तोंड अरुंद, पोट रुंद, खोली हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास. अंडी न फिरवता एकेक करून आत ठेवणंही जमतं. पण वरून वाळू किती लोटायची, कुठे दाबायची, कुठे हात सैल सोडायचा, हे आकड्यात सांगता येत नाही. मी या कामाला लागले तेव्हा हॅचरी, म्हणजे किनाऱ्यावरून उचललेली अंडी पुरून राखायची जागा, सांभाळणारे आबा माझ्या हातांकडे बघत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "बाय, जमीन चोपू नको गो. पोरांना वारा लागू दे." अंड्यांना ते कायम पोरंच म्हणत. हातभर वाळूखाली वारा कसा लागणार, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरचं माझं सगळं काम मात्र त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलं.

दापोली तालुक्यातल्या आमच्या पुळणीवर थंडी पडायला लागली की ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात, त्या पार मार्चपर्यंत. पूर्वी सकाळी त्यांचा माग दिसला की काठी टोचत जागा शोधायची, अंडी काढायची आणि खायची किंवा विकायची, हा किनाऱ्यावरच्या गावांचा रिवाज होता. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवं वाचवायचं काम हाती घेतलं. तिथून ते एकेका गावाने उचललं, वनविभाग सोबत आला, आणि ज्यांना अंडी कुठे असतात ते नेमकं ठाऊक होतं त्याच माणसांचे कासवमित्र झाले. आबा त्यांतलेच. माझ्याकडे विज्ञानाची पदवी होती, त्यांच्याकडे बोटं. काठी वाळूत घातली की ती कुठे सहज जाते आणि कुठे अडते, यावरून त्यांना खाली घरटं आहे की नाही ते कळायचं. खणून पुन्हा भरलेली वाळू आणि कधीच न हललेली वाळू यांत फरक असतो. कण तेच असतात, पण त्यांच्यामधली मोकळी जागा वेगळी असते.

या मोकळ्या जागेचा विचार आपण सहसा करत नाही. वाळू म्हटलं की भरीव काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण डब्यात लाडू कितीही दाबून रचले तरी मध्ये फटी राहतातच, तसंच कणांचं आहे. सगळे एकसारखे गोल गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचता येतील, असा प्रश्न केप्लरने १६११ मध्ये मांडला होता. त्याचं उत्तर असं, की सगळ्यात दाट रचनेतही २६ टक्के जागा रिकामी उरते. किनाऱ्यावरची वाळू कुणी रचलेली नसते, ती लाटेने टाकलेली आणि वाऱ्याने सारलेली असते. तिच्यात साधारण ३५ ते ४५ टक्के जागा मोकळी असते. कासव महोत्सवाला लोक येतात तेव्हा मी हे बाटलीने दाखवते. लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू गळ्यापर्यंत भरायची आणि मापाने हळूहळू पाणी ओतायचं. बुडबुडे फुटत फुटत साडेतीनशे, कधी चारशे मिलिलिटर पाणी आत जिरतं आणि वाळूची पातळी जवळपास होती तिथेच राहते. मुलं टक लावून बघतात. मग मी विचारते, पाणी आत गेलं, तर आधी तिथे काय होतं? उत्तर हमखास एखाद्या लहान मुलीकडून येतं. मोठी माणसं "काही नव्हतं" म्हणतात.

जे होतं त्यावर शंभरेक जीव जगत असतात. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी. प्रत्येक अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ, आणि त्यातून हवेची ये-जा होते. आत पिल्लू वाढतं, प्राणवायू घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा सगळा व्यवहार कणांमधल्या फटींतून, एका फटीतून दुसऱ्या फटीत झिरपत, वरच्या मोकळ्या हवेपर्यंत चालतो. या फटी पाण्याने भरल्या तर तो जवळजवळ थांबतो, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजार पटींनी सावकाश तो पाण्यात पसरतो. राल्फ ॲकरमन यांनी १९७०च्या दशकात समुद्री कासवांच्या घरट्यांमधल्या वायूंची मोजमापं केली. अंडी उबण्याचे दिवस संपत येतात तसं घरट्याच्या मध्यभागी प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. पिल्लं मोठी झालेली असतात, त्यांची भूक वाढलेली असते. म्हणजे शेवटचे पंधरा दिवस सगळ्यात नाजूक. आमच्याकडे नेमका तेव्हाच मार्च-एप्रिल असतो, पर्यटकांची गर्दी असते आणि अवकाळी पावसाचा नेम नसतो.

मला सगळ्यात चकित केलं ते त्याच्याही आधीच्या एका गोष्टीने. मादीच्या पोटात अंडी असतात तेव्हा भ्रूणाची वाढ सुरू होऊन थांबलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या ॲन्थनी रॅफर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की अंडनलिकेत प्राणवायू फार कमी असतो आणि त्यानेच ही वाढ रोखलेली राहते. अंडी बाहेर पडली, हवा लागली, की घड्याळ पुन्हा चालू होतं. म्हणूनच घातल्यानंतर पहिल्या काही तासांतच अंडी हलवायची असतात. पुढे भ्रूण कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो, आणि मग अंडं फिरलं तर तो दगावतो. रात्रीच्या गस्तीला माग दिसला की आमची जी धावपळ होते, बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओली वाळू घालून अंडी उचलायची, वाटेत हिसका बसू द्यायचा नाही, ती सगळी या चालू झालेल्या घड्याळासाठी. "वारा लागू दे" हे आबांचं म्हणणं मला पहिल्यांदा शब्दशः पटलं ते हे वाचल्यावर. कासवाच्या पिल्लाच्या आयुष्यातली पहिली घटना म्हणजे हवेचा स्पर्श.

अंडी हलवायचीच कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. कोल्हे, कुत्री आणि माणसं ही कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. पण बऱ्याचदा मादीने जागाच खाली निवडलेली असते, उधाणाच्या पाण्याच्या टप्प्यात. अशा वेळी किनारा वाचता यावा लागतो, आणि तो वाचायला मला शिकवलं ते वाळूत अडकलेल्या हवेनेच.

ओहोटी लागली की वाळूतलं पाणीही खाली उतरतं आणि कणांमधल्या फटींत हवा शिरते. पुन्हा भरती चढायला लागते तेव्हा खालून भूजलाची पातळी वर येत असते आणि वरून लाटेचा पातळ पदर कोरड्या वाळूवर पसरतो. वरचा थर भिजला की त्यातून हवा सहज सुटत नाही. खालून पाणी, वरून पाणी, मध्ये हवा. दाब वाढतो आणि ती जिथे वाट मिळेल तिथून फुटते. लाट मागे सरताना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं आणि त्यांतून उसळणारे बुडबुडे दिसतात, ते हेच. कुठे हवेला भोक पाडता येत नाही, तेव्हा ती वरचा पातळ थर उचलते आणि वाळूवर लहान लहान फुगवटे येतात. बोट लावलं की खाली बसतात. कित्येकदा हवा तशीच आत राहते, आणि लाटांनी थरावर थर चढले की वाळूत पोकळ्यांची एक पट्टीच तयार होते. चालता चालता टणक वाळूवरून अचानक पाय घोट्यापर्यंत रुततो, तो अशा पट्टीत. के. ओ. एमरी या अमेरिकी सागरी भूवैज्ञानिकाने १९४५ मध्येच किनाऱ्यावरच्या वाळूत अडकणाऱ्या हवेवर शोधनिबंध लिहिला होता. भूवैज्ञानिकांना या पोकळ्या पुरातन खडकांतही सापडतात. वाळूचा दगड झाला तरी बुडबुड्यांच्या जागा तशाच राहतात, आणि त्यांवरून एकेकाळी लाट इथवर येत होती, हे सांगता येतं.

पर्यटकांना सगळी भोकं खेकड्यांची वाटतात. खेकड्याच्या बिळाशी उपसलेली वाळू असते, बारीक गोळ्या असतात, पायांच्या नक्षीच्या रेघा असतात. हवेच्या भोकाशी यातलं काहीच नसतं, नुसतं स्वच्छ भोक. मी सकाळच्या फेरीला ही भोकं कुठवर आहेत ते बघते. जिथे ती आहेत तिथपर्यंत रात्री पाणी वरून चढलेलं आहे. त्या रेषेच्या समुद्राकडच्या अंगाला घरटं असेल तर त्यातली हवा दर उधाणाला पाण्याशी झगडणार. रेषेच्या बऱ्याच वर, मर्यादवेल सुरू होते तिथे, वाळू ओलसर असते पण बुडत नाही. कणांना पाण्याचा पातळ लेप असतो आणि मधली जागा हवेची असते. अंड्याला दोन्ही लागतं. ओल नसेल तर ते आक्रसतं, हवा नसेल तर गुदमरतं. हॅचरीची जागा आम्ही याच पट्ट्यात निवडतो, आणि सुरूच्या बनापासून जरा लांब, कारण सुरूची बारीक मुळं घरट्यात शिरतात. तीच ती जागा वर्षानुवर्षं वापरणंही बरं नाही. फुटलेली, नासलेली अंडी वाळूत मिसळतात, ती कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात आणि पुढच्या अंड्यांच्या वाट्याची हवा कमी होते. कोस्टा रिकात ओस्तिओनाल नावाचा किनारा आहे, तिथे हजारो ऑलिव्ह रिडले एकाच वेळी अंडी घालायला येतात आणि एकमेकींची घरटी उकरतात. तिथे पिल्लं कमी निघण्यामागे हेही एक कारण संशोधकांना आढळलं आहे.

आता दाबण्याबद्दल. मादी अंडी घालून झाल्यावर मागच्या वल्ह्यांनी वाळू लोटते आणि मग एक विलक्षण गोष्ट करते. आपलं अख्खं शरीर डावीकडे-उजवीकडे डोलवत पोटाच्या कवचाने वाळू थोपटते. धप, धप, धप. शांत रात्री तो आवाज दहा-पंधरा पावलांवरून ऐकू येतो. रिडले जातीच्या कासवांची ही खास लकब आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबांना म्हटलं, "तुम्ही मला चोपू नको म्हणता आणि ही तर चोपतेय." ते म्हणाले, "ती कुठे चोपते आणि किती, ते बघ की."

मी तेव्हापासून ते बघत आले आहे. मादीचं वजन ३५ ते ४५ किलोच्या आसपास असतं. ती दाबते तो वरचा थर, घरट्याचं अरुंद तोंड. त्यामुळे वरची सैल कोरडी वाळू घसरून आत जात नाही, खालची ओल उडून जात नाही आणि कोल्ह्यालाही वास लवकर लागत नाही. पण अंडी असतात त्या पोटात ती दाब जाऊ देत नाही. तिथे अंड्याअंड्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि भोवतीची वाळू न हललेली, आपल्या मूळ फटींसकट असते. म्हणून मी अंड्यांभोवती वाळू लोटत नाही, त्यांच्यावर घरट्यातून आणलेली चिकट ओली वाळू आधी ठेवते, मग ओलसर वाळू मुठीने सोडते, आणि शेवटच्या चार-पाच बोटांवर तळहाताने थोपटते. ओल्या वाळूला एक गुण असतो: कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं, त्यामुळे पोकळीचं छत लगेच ढासळत नाही. हाताला हे कळायला वेळ लागला. आता नव्या मुलींना शिकवताना मी त्यांचे हात बघत बसते.

कासवांच्या बाबतीत तापमानाबद्दल सगळे बोलतात, कारण घरटं किती गरम आहे त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं, आणि ते बोलायलाच हवं. हवेबद्दल फारसं बोललं जात नाही. अवकाळी पाऊस आला की हा फरक फार जाणवतो. धावत जाऊन प्लास्टिकचा कागद घरट्यांवर अंथरावा, हा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो. तसा कागद रात्रभर वाळूवर पडून राहिला तर पाणी अडेल खरं, पण हवाही अडेल. आम्ही बांबूंचा मांडव करून कागद उंच ताणतो आणि भोवतीने चर खणतो. सरीवर सर येऊन गेल्यावर वाळूवर बारीक गाळाची साय धरते. जवळच्या व्हाळातून लाल माती वाहून आली असेल तर ती वाळल्यावर पापडी होते. सकाळी ती बोटांच्या टोकांनी, वरवर, इंचभरसुद्धा खोल न जाता मोडायची. बघणाऱ्याला हे काम फार क्षुल्लक वाटतं. माझ्या मते हॅचरीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

पिल्लं अंड्यातून निघतात आणि बाहेर येतात, यांमध्ये काही दिवस जातात, हे बहुतेकांना माहीत नसतं. पन्नासेक दिवसांनी कवचं फुटतात. आतला द्रव वाळूत जिरतो, रिकामी कवचं चेपतात आणि पिल्लांच्या वरती एक पोकळी तयार होते. आता ती फुप्फुसांनी श्वास घेत असतात, वाळूच्या आत. वरची पिल्लं छत खरवडतात, वाळू खाली सांडते, खालची तिला तुडवतात, आणि सगळा घोळका त्या सांडलेल्या वाळूच्या तळावर उभा राहून पोकळीसकट वर सरकतो. आर्ची कार यांनी १९६०च्या सुमारास काचेच्या बाजूने घरटं उघडं ठेवून हे निरखलं होतं. एकट्या पिल्लाला हे सहसा जमत नाही. आम्हाला वरून एवढंच दिसतं, की घरट्यावर झाकलेल्या टोपलीखालची वाळू बशीसारखी खचली आहे. ती खचली की मी वही काढते आणि त्या घरट्याजवळून कुणालाही जाऊ देत नाही. पृष्ठभाग तापलेला असला की पिल्लं थांबतात, गारवा आला की बाहेर येतात. त्या थांबण्याच्या काळात त्यांच्याकडे असते ती फक्त कणांमधून येणारी हवा.

सगळी येत नाहीत. बाहेर पडणं संपलं की घरटं उघडून मोजदाद करावी लागते. कवचातच पूर्ण वाढून दगावलेली पिल्लं सापडतात, डोळे, वल्ही, पाठीवरच्या रेषा, सगळं तयार. अंगठ्याएवढ्या त्या देहाकडे बघून मन घट्ट करावं लागतं, कारण ती कोणत्या थरात सापडली, वाळू हाताला कशी लागली, हे लिहायचं असतं. पावसाच्या वर्षी तळाची जास्त गेलेली मी पाहिली आहेत, वाळू चिखलासारखी जड झालेली.

म्हणूनच किनाऱ्यावर येणाऱ्या गाड्यांबद्दल मला मवाळ बोलता येत नाही. ओहोटीच्या ओल्या टणक पट्ट्यावर गाडी पळवायला मजा येते, आणि तिथे घरटं नसतंच, असं मला सांगतात. तो पट्टा टणक असतो, हे खरं. पण गाडी तिथवर उडत जात नाही. ती सुरूच्या बनातून, मर्यादवेलीवरून, नेमकी घरट्यांच्या पट्ट्यातून खाली उतरते, आणि भरती आली की तिथेच वर येऊन उभी राहते. चाळीस किलोची मादी एकदा थोपटते आणि निघून जाते. दीड टनाची गाडी त्याच चाकोरीतून हंगामभर जाते-येते, आणि इंजिनाच्या थरथरीने कण आणखी जवळ बसतात. आमच्या नजरेतून सुटलेली घरटी त्या चाकोऱ्यांखाली किती असतील, हे मोजण्याची सोय नाही. पिल्लं निघालीच तर चाकोरीच्या खोबणीत अडकून समुद्राऐवजी तिच्या लांबीने चालत राहतात. किनारा साफ करायला जेसीबी आणतात तेव्हाही हेच. कचरा हाताने वेचला पाहिजे. गावातल्या बाया, शाळेची मुलं, आम्ही, सगळे वेचतो, आणि त्याने किनारा तितकाच स्वच्छ होतो.

आमच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या दगडी बंधाऱ्याचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण त्यामागे माणसांची घरं आणि माडांच्या बागा आहेत. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात लोकांनी काय गमावलं ते मी पाहिलं आहे. पण बंधारा आला की त्याच्या समोरची पुळण अरुंद होत जाते, वरचा ओलसर, न बुडणारा पट्टा नाहीसा होतो आणि मादीला बुडणाऱ्या वाळूशिवाय जागा उरत नाही. किनाऱ्याच्या नियमांत कासवांच्या विणीच्या जागांना सर्वांत कडक संरक्षण आहे. ते कागदावर शोधायला गेलं की सापडतं.

आमच्या ग्रामसभेत गेल्या हंगामाआधी मी बाटली आणि वाळू घेऊन गेले. वाहनं उतरतात त्या वाटेवर डिसेंबर ते मे फाटक बंद ठेवायचं, मासेमारीच्या होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एकच ठरावीक वाट द्यायची आणि ती दोऱ्यांनी आखायची, असा ठराव झाला. खारवी वाड्यातल्या लोकांनीच ती वाट आखून दिली, कारण घरटी कुठे जास्त होतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. होमस्टेवाल्यांपैकी काही जण नाराज आहेत आणि त्यांच्याशी बोलणं चालू आहे. बंधाऱ्याच्या आखणीचा कागद अजून आमच्यापर्यंत आलेला नाही. तो आला की त्यावर भरतीची रेषा आणि गेल्या काही वर्षांतल्या घरट्यांच्या जागा एकत्र मांडून द्यायच्या आहेत. वह्या माझ्याकडे आहेत, आणि आबांच्या वेळच्या जागा मी त्यांना विचारून त्यांत लिहून घेते आहे.